सक्कूची सुरगाठ

तंबूच्या उत्तरेकडच्या खुंटीला सक्कू नेहमी सुरगाठ मारायचा. बाकीचे सगळे निरगाठ मारत. बकरीच्या काळ्या केसांचा आमचा तंबू भिजला की बैलासारखा जड होतो, आणि कोरडा असला की डोंगरातला वारा त्याला उचलायला टपलेला असतो. म्हणून दोर असा बांधायचा, की मुक्काम हलवायच्या दिवशी दगडाने ठोकून ठोकून सोडवावा लागेल. सक्कूचा दोर एका हिसक्यात सुटे. तूदा, त्याची बायको, त्यावरून त्याला टोमणे मारी. वाऱ्याने तंबू नेला तर तूही वाऱ्याबरोबर जा, मी इथेच बसेन, असं म्हणे. तो हसायचा आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा तशीच गाठ मारायचा.

माझी आई तेव्हा तूदाच्या पाठीवर फडक्यात बांधलेली होती, त्यामुळे तिला यातलं काही आठवत नाही. मी सांगते आहे ते तूदाकडून आणि तिचा थोरला भाऊ हद्दू याच्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं. सक्कूने स्वतः फार थोडं सांगितलं. एका जागी बसून काही सांगावं, असा तो माणूसच नव्हता. जेवतानाही एक गुडघा उभा. झोपेतही डोकं दाराकडे. त्याचं एक बोचकं होतं. त्यात एक लोकरी झगा, चकमक आणि विळा. ते तंबूच्या खांबाला कायम बांधून तयार टांगलेलं असे. ते कधी कोणी सोडलं नाही, त्यानेही नाही.

तो जन्माने आमचा नव्हता. आम्ही आयत उझरू. खिंडीपलीकडे नदीकाठी राहतात ते आयत इघझर. भाषा एक, नमाज एक, दोघंही स्वतःला इमाझिघन म्हणवतात. शहरातल्यांना काही फरक कळत नाही, ते दोघांनाही बर्बर म्हणून मोकळे होतात. पण कुरणांवरून आणि जनावरांवरून दोघांचं वैर इतकं जुनं, की ते कोणी सुरू केलं यावरूनही भांडण होई. फ्रेंचांच्या चौक्या तेव्हा खाली सपाटीवरच होत्या. डोंगरात आमचेच पंच होते आणि आमचाच रिवाज.

मिसरूड फुटायच्या वयात पाटाच्या पाण्यावरून झालेल्या मारामारीत सक्कूची कुदळ शेजाऱ्याच्या डोक्यात बसली. कापणीच्या दिवसांत तो शेजारी गेला. रक्त सांडणाऱ्याला गाव सोडावं लागतं. सक्कू खिंड ओलांडून आला आणि समोर दिसलेल्या पहिल्या तंबूत शिरून त्याने मधल्या खांबाला मिठी मारली. तो हद्दूच्या वडिलांचा तंबू होता. आत कणीक मळणारी तूदा, तेव्हा एवढीशी पोर, दचकून ओरडली. खांब धरलेल्या माणसाला बाहेर काढता येत नाही. तो राहिला. वर्षानुवर्षं मेंढरं राखली, कातरली, हिवाळ्यात खाली नेली आणि उन्हाळ्यात वर आणली. त्या राबण्याच्या बदल्यात पुढे त्याला तूदा दिली. त्या दिवसापासून रिवाजाने तो त्या तंबूचा झाला. त्याचा गुन्हा तो तंबूचा गुन्हा, त्याची अब्रू ती तंबूची अब्रू.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. आमच्यात कोणावर आळ आला की साक्षीपुरावे शोधत बसत नाहीत. आळ आलेला माणूस पीराच्या थडग्यावर हात ठेवून शपथ घेतो, आणि त्याच्यामागे त्याच्या भावकीतले दहा पुरुष एकेक करून तीच शपथ घेतात. एक जण मागे सरला, एकाची जीभ अडखळली, की शपथ मोडली. खोट्या शपथेला पीर माफ करत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून दुसऱ्यासाठी शपथ घेणं म्हणजे आपलं घरदार, आपली जनावरं त्याच्या जिभेवर ठेवणं. हद्दूच्या भावकीत असे प्रसंग अनेकदा आले. दर वेळी हद्दू माणसं मोजायचा आणि शेवटी म्हणायचा, सक्कू, तू मेंढरांकडे बघ. सक्कू मेंढरांकडे बघायचा. तूदा म्हणे, त्या दिवशी त्याला भाकर जात नसे.

त्या वर्षी शरद लवकर आला. वरचं गवत संपलं होतं, सकाळी ताकाच्या पखालीवर दव गोठायचं, आणि मेंढरं आपणहून खालच्या बाजूला तोंड करून उभी राहायला लागली होती. आठवड्याभरात उतरायचं असं ठरलं. त्याच सुमारास ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बेनासरची दोन खेचरं संध्याकाळी नाहीशी झाली. खुरांचे ठसे खिंडीकडे गेले होते. आणि लाकडं तोडून परतणाऱ्या एका बाईने त्याच संध्याकाळी सक्कूला खिंडीतून एकटा उतरताना पाहिलं होतं.

बेनासर हद्दूच्या तंबूशी आला. आवाजाने मोठा, अंगाने मोठा. त्याचा आजा इघझरांच्या गोळीने गेला होता, आणि ते तो विसरत नसे, दुसऱ्यालाही विसरू देत नसे. तूदाने ताकाचं भांडं पुढे केलं. त्याने ते हातात घेतलं नाही. तेवढ्यावरूनच सगळ्यांना कळलं, की हा आळ घेऊन आलाय.

दुसऱ्या दिवशी ओकच्या झाडाखाली पंच बसले. बेनासरचं म्हणणं असं, की सक्कूने आपल्या जुन्या लोकांना वाट दाखवली, खेचरं कुठे चरतात ते सांगितलं. लांडग्याचं पिल्लू कुत्र्यांत वाढवलं म्हणून राखण करायला लागतं का, असंही तो म्हणाला. हद्दूने एवढंच उत्तर दिलं, की आमचा तंबू शपथ घेईल. उतरणीच्या आधीचा शुक्रवार ठरला. सक्कू एका बाजूला उभा होता. वडीलधाऱ्या पंचाने त्याला दोनदा बस म्हटलं, दोन्ही वेळा तो म्हणाला, उभाच बरा आहे.

दहांपैकी एका माणसाचं नाव आळ घेणाऱ्याने सांगायचं, असा रिवाज आहे. पंचांनी बेनासरला विचारलं. बेनासरने सगळीकडे नजर फिरवली आणि हसला.

"हद्दूची माणसं काय, घेतील शपथ. त्यांनी त्याला खाऊ घातलंय, वाया कशाला घालवतील? मला त्याच्या स्वतःच्या रक्ताचा एक माणूस हवा. तिकडे कोणी आईचा पूत असेल याच्यासाठी उभा राहणारा, तर आणा."

पुष्कळ जण हसले. वडीलधारा पंच हसला नाही.

"सांगितलंस," तो म्हणाला. "आता बदलता येणार नाही."

"अहो बाबा, मी आपलं बोलून गेलो."

"पंचांसमोर कोणी बोलून जात नसतं. त्याच्या रक्ताचा माणूस येईल. आणि नाव तू घेतलंस, तेव्हा त्याच्या जिवाची हमी तुझी. इघझरांचा माणूस आपल्या मुलखात येणार, त्याच्या केसाला धक्का लागला तर तू जबाबदार."

थट्टेच्या भरात बेनासरने शत्रूच्या माणसाला स्वतःच बोलावणं धाडलं होतं, आणि वर त्याचा राखणदारही होऊन बसला होता.

त्या दुपारी हद्दू आणि सक्कू खेचराचं खोगीर नीट करत बसले होते, म्हणजे हद्दू बसला होता. त्याने विचारलं, त्या संध्याकाळी खिंडीत काय करत होतास. सक्कूने सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ असू तिथे भेटायला आला होता. मीठ विकणाऱ्या माणसाच्या हाती त्याने निरोप पाठवला होता. त्यांची आई गेली, हे त्याने सांगितलं. आणि हेही, की मेलेल्या शेजाऱ्याच्या घरच्यांनी बैल कापून समेट केला आहे. रक्त मिटलं. सक्कूला आता घरी यायला कोणी अडवणार नाही.

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. खाली आलो."

हद्दू बराच वेळ खोगिराचा पट्टा ओढत राहिला. मग म्हणाला, की इश्शूला हे कळलं तर तो थडग्याच्या पायरीपर्यंतसुद्धा येणार नाही. इश्शू म्हणजे त्याचा चुलतभाऊ, शपथ घेणाऱ्यांपैकी एक, तोंडाने फटकळ आणि पीराला फार भिणारा.

"म्हणजे सांगू नको?"

"तुझं तू बघ. फक्त एवढं ध्यानात ठेव, आमच्या माना तुझ्या जिभेत अडकल्यात."

भावाला आणायला सक्कूलाच जावं लागणार होतं. दुसरं कोणी खिंडीपलीकडे गेलं असतं तर परत आलं नसतं. पण तोच गेला तर परत येईल, याची तरी काय खात्री? पंचांनी ते विचारलं, तेव्हा हद्दूने आपला शब्द दिला. सक्कू आला नाही तर दोष हद्दूच्या तंबूचा. तसं झालं असतं तर हिवाळ्यातल्या कुरणावर आम्हाला पाय ठेवायला जागा उरली नसती.

निघताना तूदा तंबूच्या पट्ट्याला ठिगळ लावत होती. तिने मान वर केली नाही.

"परत येणार का?"

"गुरुवारपर्यंत."

"मी वार नाही विचारला."

खांबावरचं बोचकं काढून त्याने खांद्याला लावलं आणि गेला. ते तिने पाहिलं. सुई तशीच चालू ठेवली.

पलीकडचं जे सांगते, ते असूने पुढे अनेक वर्षांनी सांगितलेलं. सक्कू गावात शिरला तेव्हा अक्रोड झोडपण्याचे दिवस होते, सगळ्यांचे हात काळे झालेले. लोक झाडांवरून उतरून त्याला बघायला आले. मेलेल्या शेजाऱ्याचा मुलगा, आता दाढीवाला, पुढे झाला आणि त्याने सक्कूच्या खांद्याचं चुंबन घेतलं. पाटाकाठचा बापाच्या शेताचा तुकडा त्याच्या नावाचा म्हणून राखून ठेवला होता. वहिनीने अक्रोडाच्या तेलात जवाची भाकर भिजवून दिली. कोणी काही टाकून बोललं नाही. इतकी वर्षं याच दिवसासाठी तो गाठ सैल ठेवत आला, असं कोणालाही वाटलं असतं.

तो दोन घास खाऊन उठला. छपरावर गेला, खाली आला, पाटाशी जाऊन आला, पुन्हा छपरावर. असू मागोमाग गेला तर तो खिंडीकडे बघत उभा होता. खिंडीवर ढग बसला होता.

असूने त्याला समजावलं. बर्फ पडू दे, खिंड बंद होऊ दे, वसंतापर्यंत तुला कोणी काही म्हणणार नाही. बंद खिंडीला कोण विचारतं? आणि मग विचारलं, ते ज्याचं उत्तर सक्कूला नको होतं.

"इतकी वर्षं झाली, त्यांनी तुला एकदा तरी शपथेला उभं केलं?"

"नाही."

"मग तू मेंढरं राखणाराच की. कोणासाठी जातोस?"

सक्कू म्हणाला, हद्दू माझ्यासाठी शब्द देऊन बसलाय. मग असू म्हणाला, की मी तिकडे आलो तर ते मला कापतील. तेव्हा सक्कूने त्याला बेनासरच्या हमीची गोष्ट सांगितली. असू इतका हसला, की छपरावर वाळत घातलेले अक्रोड त्याच्या पायाने खाली घरंगळले. ज्याच्या आजाला आपल्या लोकांनी मारलं, तो आता आपल्याला कोकरासारखा जपणार, हे बघायला तरी गेलंच पाहिजे, असं म्हणून तो निघाला.

इकडे गुरुवार उजाडला आणि मावळत आला. खिंड पांढरी झाली होती. पुरुष उगाच जनावरांचे नाल तपासत होते, बायका उगाच जात्याजवळ जाऊन परत येत होत्या. इश्शू तूदाच्या दाराशी येऊन म्हणाला, की पाखरू उडालं. बोचकं घेऊन गेलं ना?

"बोचकं त्याचं आहे," तूदा म्हणाली. "तुझं काय गेलं?"

पण तिलाही बसवेना. पाठीवर पोर घेऊन ती तंबूभोवती फिरली, एकेक दोर ओढून बघितला, एकेक खुंटी दगडाने ठोकली. उत्तरेच्या खुंटीशी आली. ती सुरगाठ सोडून चांगली निरगाठ मारावी, असं तिच्या मनात आलं. हात लावला, आणि काढून घेतला.

शुक्रवारी सगळे पीराच्या दर्ग्याशी जमले. दर्ग्यापुढच्या ओकची सावली पायरीवरून सरकेपर्यंत वाट बघायची, असं पंचांनी सांगितलं होतं. हद्दू आपल्या आठ भाईबंदांसह एका बाजूला उभा होता, कंबरपट्टे सोडून, हत्यारं दूर ठेवून. बेनासर समोर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सावलीची कड पायरीच्या निम्म्यावर आली तेव्हा वरच्या देवदारांतून दोन माणसं उतरताना दिसली. पाय गुडघ्यापर्यंत लोकरीत गुंडाळलेले, चालणं पेंगल्यासारखं. पुढचा सक्कू होता.

रिवाजाप्रमाणे बेनासरला पुढे होऊन पाहुण्याचा हात धरून आणावं लागलं. वाटेत ओल्या दगडावर असूचा पाय घसरला. बेनासरने त्याला दोन्ही हातांनी सावरलं आणि चमकून सगळ्यांकडे पाहिलं, जणू तोच पडला असता.

सक्कू थडग्याकडे गेला नाही. तो सरळ हद्दूच्या माणसांपुढे जाऊन उभा राहिला.

"आत जायच्या आधी ऐका," तो म्हणाला. आणि त्याने सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी खिंडीत कोण भेटलं, काय बोलणं झालं, समेट झाला, शेत राखून ठेवलंय, सगळं. सलग इतकं बोलताना त्याला आजवर कोणी ऐकलं नव्हतं. हद्दूने डोळे मिटून घेतले.

असूने भर घातली. खेचरं आमच्यातल्या कोणी नेली की नाही, ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही दोघं आईबद्दल बोललो. खेचराचा शब्द निघाला नाही. त्याची शपथ मी घेतो.

बेनासर काही बोलणार होता. पंचाने हात वर केला. आता बोलायचं होतं ते त्या नऊ जणांनी.

इश्शूचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो सक्कूकडे बघत राहिला.

"तुझी वाट मोकळी होती," तो म्हणाला. "शेत होतं. खिंड बंद होत आली होती. मग परत कशाला आलास?"

सक्कूने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"मेंढरं खाली न्यायची आहेत ना," तो म्हणाला.

कोणीतरी दबक्या आवाजात हसलं. इश्शू हसला नाही. तो खाली वाकला आणि त्याने पायातल्या वहाणा काढल्या. मग बाकीच्यांनी काढल्या.

शपथ झाली. सक्कूने थडग्यावरच्या हिरव्या कापडावर हात ठेवला आणि म्हटलं, की मी नेली नाहीत, वाट दाखवली नाही, मला माहीत नव्हतं. त्याच्यामागे हद्दू, मग एकेक जण, आणि शेवटी इघझरांचा असू. कोणाची जीभ अडली नाही. मग भाकर आणि लोणी आलं, आणि बेनासरने सगळ्यांसमोर घास घेतला, म्हणजे आळ मिटला. न घेऊन सांगतो कोणाला? खेचरं पुढेही सापडली नाहीत. त्याबद्दल मात्र तो जन्मभर बोलत राहिला.

असूला त्याच दिवशी परतायला हवं होतं. खिंडीच्या पायथ्यापर्यंत बेनासर हमीदार म्हणून बरोबर होता, जरा मागे, घसा खाकरत. तिथे असूने भावाला विचारलं, की पाटाकाठचं शेत पडीक ठेवू की पेरू.

सक्कू वर बर्फाकडे बघत होता.

"पेर," तो म्हणाला.

बोचकं पुन्हा खांबावर गेलं. तंबू खाली उतरले, आणि खालच्या पहिल्या मुक्कामाला उत्तरेच्या खुंटीला पुन्हा सुरगाठच होती. तूदाने ती पाहिली आणि या वेळी काही बोलली नाही. त्या रात्री तो पूर्वीसारखाच दाराशी एक गुडघा उभा ठेवून जेवला.

हिवाळा सरता सरता इश्शूवर आळ आला. राखीव कुरणात मेंढरं घातल्याचा. सकाळी हद्दू तंबूंमधून फिरत माणसं गोळा करत होता. वारा सुटला होता, आणि सक्कू सैल झालेला दोर ताणून बांधत होता. हद्दूला येताना पाहून त्याने नेहमीचं आधीच बोलून टाकलं.

"मेंढरांकडे मी बघतो."

हद्दूच्या मागे इश्शू होता. तो वैतागून म्हणाला, "मेंढरांकडे तूदा बघेल. तू चल. माझे दहा कसे भरणार?"

सक्कूच्या हातात दोराचं टोक तसंच होतं. त्याने एकदा इश्शूकडे पाहिलं, एकदा हद्दूकडे. हद्दू कंबरपट्टा सोडण्यात गढला होता, किंवा तसं दाखवत होता. मग सक्कूने दोर तूदाच्या हातात दिला आणि त्यांच्यामागून चालू लागला, भराभर, जवळजवळ पळत. तो बराच पुढे गेल्यावर तूदाच्या लक्षात आलं, की तो अनवाणीच गेला आहे. वहाणा थडग्याशी काढायच्या असतात. त्याच्या मात्र इथेच, खुंटीशी पडल्या होत्या.

तिने हाक मारली. त्याला ऐकू गेलं नसावं.

दोर तिच्या हातात ओढ घेत होता. तिने तो खुंटीला दोनदा गुंडाळला आणि गाठ मारली, त्याची तीच सुरगाठ. मग वहाणा मांडीवर घेऊन ती त्या खुंटीशेजारी बसली. दिवसभर वारा होता. ते परत येईपर्यंत तिने गाठीवरची नजर हलवली नाही.